नवरा कामाच्या जागी येऊन धमकावतोय, तर मालकाने काय करायचं? ऑन्टारिओतल्या मराठी मालक, सुपरवायझर आणि कामगारांसाठी

"हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, घरीच मिटवा." ऑन्टारिओत कुठल्याही मालकाने, मॅनेजरने किंवा शिफ्ट सुपरवायझरने हे वाक्य बोलू नये. माणुसकी म्हणून तर नाहीच, पण कायद्यानेही नाही, कारण १५ जून २०१० पासून इथल्या कामाच्या जागच्या सुरक्षेच्या कायद्यात, म्हणजे ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट कलम आहे की घरातला हिंसाचार कामाच्या जागी पोचण्याची शक्यता असेल तर कामगाराला वाचवायची जबाबदारी मालकाची. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या पट्ट्यात आता आपले बरेच लोक स्वतःचे धंदे चालवतात, रेस्टॉरंट, डेकेअर, ट्रकिंग, छोट्या आयटी कंपन्या, आणि त्याहून जास्त लोक वेअरहाऊसमध्ये नाहीतर ऑफिसात सुपरवायझर आहेत, पण सेफ्टी म्हटलं की सगळ्यांना हेल्मेट, बूट आणि फोर्कलिफ्टच आठवतो. हे कलम बऱ्याच जणांनी ऐकलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी आमच्या कामावरच्या सेफ्टी कमिटीवर कामगारांच्या बाजूने बसतो, वकील नाही, त्यामुळे तुमची केस प्रत्यक्ष उभी राहिली तर वकिलाला विचाराच.

लिहिताना "ती" आणि "नवरा" असं लिहिलंय कारण गंभीर इजा आणि खून यांत बहुतेक वेळा बाईच बळी असते, पण कायदा सगळ्यांना सारखाच आहे, पुरुषालाही आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनाही.

हा कायदा का आला

विंडसरला ओतेल-द्यू ग्रेस हॉस्पिटलमध्ये लोरी ड्युपाँ नावाची नर्स होती. त्याच हॉस्पिटलातल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरशी तिचे संबंध होते, ते तिने तोडले, आणि मग त्याने तिचा पिच्छा सुरू केला. मधे त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, काही काळ रजेवर होता, नंतर हॉस्पिटलने त्याला परत कामावर घेतलं. तिच्याबरोबरच्या नर्सेसना भीती वाटत होती, वरच्या लोकांपर्यंत गोष्ट पोचलेली होती, तिने कोर्टाकडे संरक्षणही मागितलं होतं. आणि तरी १२ नोव्हेंबर २००५ ला, शनिवारी, दोघंही ड्युटीवर होते. त्याने तिला तिथेच भोसकून मारलं. २००७ मध्ये कोरोनरच्या (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ज्युरीपुढे सगळी चौकशी झाली, आणि हॉस्पिटलला इतकं माहीत असताना हे कसं घडू शकलं या प्रश्नावरून पुढे बिल १६८ आलं आणि कायदा बदलला.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली कारण यात माहिती कमी पडली नव्हती. माहीत सगळ्यांना होतं. त्या माहितीचं काय करायचं, हे काम कुणाचं, ते ठरलेलं नव्हतं. खाली ज्या पायऱ्या आहेत त्या सगळ्या या एकाच प्रश्नाभोवती आहेत.

कलम नेमकं काय म्हणतं

कलम ३२.०.४. सोप्या मराठीत: ज्या घरगुती हिंसाचारामुळे कामगाराला शारीरिक इजा व्हायची शक्यता आहे तो कामाच्या जागी घडू शकतो हे मालकाला माहीत झालं, किंवा शहाण्या माणसाला माहीत असायला हवं होतं, तर त्या परिस्थितीत जी जी वाजवी काळजी घेता येईल ती सगळी मालकाने घ्यायची.

यातला "माहीत असायला हवं होतं" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. म्हणजे तिने एचआरला लेखी कळवलं नाही, मग आम्हाला काय माहीत, हा बचाव चालेलच असं नाही. नवरा चार वेळा पार्किंगमध्ये येऊन थांबलाय, रिसेप्शनवर दिवसातून पंधरा फोन येतायत, तिच्या चेहऱ्यावर मार दिसतोय आणि ती दचकून वागतेय, सहकाऱ्याने सुपरवायझरला सांगितलंय, कोर्टाच्या ऑर्डरची कॉपी तिने दाखवलीय, यातलं काहीही असलं तरी घड्याळ सुरू झालं समजा. आणि सुपरवायझरला कळलं म्हणजे व्यवहारात कंपनीला कळलंच, त्यामुळे सुपरवायझर मंडळींनो, ऐकून पोटात ठेवू नका.

दुसरं, मारहाण झाल्यावरच कायदा जागा होतो असं नाही. मारण्याचा प्रयत्न, किंवा ज्यातून मारहाणीची धमकी आहे असा कुणीही अर्थ काढेल असं बोलणं-वागणं, तेही या कायद्यात वर्कप्लेस व्हायोलन्समध्येच धरलंय. "तू सुटल्यावर बाहेर ये, मग बघतो" हा कामाच्या फोनवर आलेला निरोप त्यात येतो.

तिसरं, कामाची जागा म्हणजे फक्त चार भिंती नाहीत. कंपनीचं पार्किंग, डिलिव्हरीची व्हॅन, क्लायंटचं घर जिथे पीएसडब्ल्यू (घरी जाऊन आजारी-वृद्धांची काळजी घेणारी) म्हणून ती जाते, हे सगळं आलं. ऑक्टोबर २०२४ पासून तर घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनाही हा कायदा लागू असल्याचं कायद्यातच घातलंय. याचा विचार नीट करा: वर्क फ्रॉम होम असेल तर त्रास देणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असू शकतो, आणि तिच्यासाठी आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला यायची मुभा हीच मोठी काळजी ठरू शकते.

काही घडायच्या आधीची तयारी

हे थोडक्यात सांगतो, कारण कागदावर सगळ्यांकडे असतं. हिंसाचार आणि हॅरॅसमेंट यांच्या पॉलिसी हव्यात, वर्षातून निदान एकदा तपासायच्या, आणि पाचपेक्षा जास्त लोक कामाला असतील तर त्या लेखी आणि सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. पॉलिसीबरोबर प्रोग्रॅम हवा, म्हणजे तातडीने मदत कशी बोलवायची, कुणाला सांगायचं, चौकशी कशी होणार. जागेची रिस्क असेसमेंट करायची. सहा ते एकोणीस कामगार असतील तर हेल्थ अँड सेफ्टी रिप्रेझेंटेटिव्ह, वीस किंवा जास्त असतील तर सहसा मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची जॉइंट कमिटी लागते.

कुठूनतरी डाउनलोड केलेली पॉलिसी भिंतीवर लावून भागत नाही. एकदा स्वतः फिरून बघा, मागचं दार दिवसभर उघडं असतं का, रात्री दहाला बंद करणारी मुलगी एकटी असते का, पार्किंगचा दिवा लागतो का, कॅश काउंटरवरून ९११ लावायला फोन हाताशी आहे का. आणि प्रत्येक शिफ्टला एक नाव ठरवा, काही झालं तर याला सांगायचं.

कळल्यावर पहिलं काम: तिच्याशी बोला

एकटीला, बंद खोलीत, घाई नसताना. आणि नवऱ्याला कळेल अशा कुठल्याही मार्गाने नाही, म्हणजे घरच्या नंबरवर फोन नको, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नको, दोघांच्या शेअर केलेल्या ईमेलवर तर अजिबातच नको. फोन तो तपासत असेल असं धरूनच चाला.

काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून लोक टाळतात, तर साधं बोला. "ताई, गेले काही दिवस तुम्ही काळजीत दिसताय, आणि मंगळवारी बाहेर जे झालं ते मी पाहिलं. तुम्हाला सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. इथे कामावर तुम्हाला सुरक्षित वाटावं ही माझी जबाबदारी आहे, त्यासाठी काय केलं तर बरं पडेल?" एवढं पुरे. का सहन करता, सोडून का देत नाही, मुलांचा विचार करा, हे प्रश्न नकोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच खरी सांगा, की मी हे कुणालाच सांगणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, पण ज्याला सांगणं गरजेचं आहे त्यालाच आणि गरजेपुरतंच सांगेन, आणि सांगण्याआधी तुम्हाला विचारेन. खोटं वचन देऊन नंतर मोडलं की ती परत तोंड उघडणार नाही.

आता आपल्या लोकांत होणारी सगळ्यात मोठी चूक. मालक मराठी, ती मराठी, नवराही मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा. मग मालकाला वाटतं आपण वडीलधारे, जरा दोघांना बसवून समजूत घालू, नाहीतर नवऱ्याला बाजूला घेऊन "अरे असं करू नको रे" म्हणू. कृपा करून हे करू नका. तुम्ही त्याच्याशी बोललात की त्याला कळतं ती बाहेर बोलली, आणि त्याची शिक्षा तिला त्याच रात्री मिळते. समेट हे तुमचं काम नाही, तुम्ही तिचे मालक आहात. बायकोशी, वहिनीशी, मंडळातल्या काकूंशीही विषय काढायचा नाही, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि शनिवारी झालेली गोष्ट रविवारी त्याच्या कानावर असते. तो गोड बोलत दुकानात आला, "काही नाही हो, थोडं भांडण झालंय, तिची शिफ्ट किती वाजता सुटते?" म्हणाला तर उत्तर एकच, कुणाचीही शिफ्ट आम्ही बाहेर सांगत नाही. हे उत्तर काउंटरवरच्या सोळा वर्षांच्या मुलालाही पाठ हवं.

मग सेफ्टी प्लॅन

धोका किती आहे हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून प्लॅन तिच्याबरोबर बसून करा. तरी काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर वेळ घालवू नका: ती नुकतीच वेगळी झालीय किंवा व्हायच्या बेतात आहे, त्याने आधी गळा दाबलाय, ठार मारायची किंवा स्वतःला संपवायची धमकी दिलीय, हत्यार मिळण्यासारखं आहे, तो सतत माग काढतोय. घर सोडल्यानंतरचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, आणि त्याचं कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. नवा पत्ता त्याला माहीत नसतो, पण ती कामाला कुठे आणि किती वाजता येते हे माहीत असतं.

प्लॅनमध्ये काय असू शकतं ते सांगतो, सगळं सगळीकडे लागेल असं नाही. शिफ्टची वेळ बदलणं, शक्य असेल तर दुसऱ्या लोकेशनला काम, दर्शनी काउंटरवरून आतल्या भागात जागा, एकटीने उघडणं-बंद करणं पूर्ण बंद, दाराजवळ पार्किंग आणि गाडीपर्यंत कुणीतरी सोबत, तिचं एक्स्टेंशन बदलून फोन रिसेप्शनवर गाळणं, वेबसाइटवरून तिचं नाव-फोटो काढणं, पगार वेगळ्या खात्यात जमा करणं, आणीबाणीला कळवायचा नंबर बदलणं. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो, फाइलमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून नवऱ्याचाच नंबर असतो आणि ती एक दिवस आली नाही की कुणीतरी निरागसपणे त्यालाच फोन लावतं. ती न कळवता आली नाही तर कोण कुणाला फोन करणार, पोलिसांना कधी, तेही तिच्याशी बोलून आधी लिहून ठेवा.

बदल तिला विचारून करा. सुरक्षिततेच्या नावाखाली तिचे तास कमी केले, रात्रीचा भत्ता गेला, प्रमोशन हुकलं, तर ती शिक्षाच झाली. "तू आहेस म्हणून बाकीच्यांना धोका आहे" म्हणून काढून टाकणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग, आणि त्यातून तुम्ही स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडता.

बाकी कुणाला किती सांगायचं? हिंसक इतिहास असलेला माणूस कामात समोर येण्याची आणि त्यातून इजा व्हायची शक्यता असेल तर बाकीच्या कामगारांना तेवढी माहिती देणं हेही मालकाचं कर्तव्य आहे, पण गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक माहिती द्यायची नाही. म्हणजे रिसेप्शन आणि सिक्युरिटीला फोटो, गाडीचा नंबर, आणि "दिसला तर आत घेऊ नका, ९११ लावा". संसाराची कहाणी कुणालाच नाही.

कोर्टाची ऑर्डर असेल, म्हणजे फॅमिली कोर्टाची रिस्ट्रेनिंग ऑर्डर, पीस बाँड (त्रास देणार नाही अशी कोर्टापुढची हमी) किंवा त्याच्या जामिनाच्या अटी, तर तिच्या संमतीने कॉपी ठेवा, आणि एक बघा की त्यात कामाचा पत्ता आहे का. बऱ्याचदा घर, मुलांची शाळा येते आणि नोकरीची जागा राहून जाते. ऑर्डर अजून मागायची असेल तर वकिलाला हे आधीच सांगायला तिला सुचवा. पण ऑर्डर आली म्हणून प्लॅन सैल करू नका.

प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, कोण होतं, काय केलं, हे लिहा आणि कुलपात ठेवा. उद्या लेबर मिनिस्ट्रीचा (कामगार खात्याचा) इन्स्पेक्टर आला तर तुम्ही वाजवी काळजी घेतली हे तोंडी सांगून चालत नाही, कागद लागतो. आणि प्लॅन एकदाच करून विसरायचा नसतो. वेगळी झाली, कोर्टाची तारीख आली, तो जामिनावर सुटला, मुलांच्या कस्टडीचा निकाल लागला, दर वेळी परत बसून बघायचं.

दोघंही तुमच्याकडेच कामाला असतील तर

ड्युपाँ प्रकरण नेमकं हेच होतं, आणि वेअरहाऊसमध्ये नवरा-बायको एकाच ठिकाणी असणं आपल्याकडे काही नवीन नाही. इथे वेगळ्या शिफ्ट, वेगळ्या इमारती ही पहिली पायरी, आणि हलवायचं असेल तर आधी त्याला हलवा. शेड्यूल करणाऱ्याला लेखी सूचना हवी की हे दोघं एकत्र लावायचे नाहीत, आणि कुणी आजारी पडलं म्हणून शनिवारी अदलाबदल झाली तरी ती सूचना पाळली जाईल अशी सोय हवी. सुट्टीचे दिवस, कमी माणसं, वर कुणी जबाबदार नाही, अशाच वेळी सगळं निसटतं. त्याने कामाच्या वेळात, कंपनीच्या फोनवरून किंवा ट्रकमधून तिला धमकावलं असेल तर चौकशी करून कारवाई करा. उत्तम काम करणारा माणूस आहे ही सबब इथे चालत नाही.

कामगाराने काय करायचं

ताई, सांगणं तुमच्यावर बंधन नाही. पण सांगितलंत तर लेखी सांगा, दोन ओळींचं ईमेल पुरे, "माझ्या नवऱ्याने कामावर येऊन मारण्याची धमकी दिली आहे, मला इथे धोका वाटतो." तारीख आपोआप पडते. ते ईमेल ज्या अकाउंटमध्ये तो शिरू शकत नाही तिथून पाठवा.

रजा मिळते आणि ती हक्काची आहे. सलग १३ आठवडे नोकरी झाली असेल तर एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स अ‍ॅक्टखाली वर्षाला १० सुटे दिवस आणि वेगळे १५ आठवडे, त्यातले पहिले पाच दिवस पगारी. डॉक्टर, काउन्सेलिंग, घर बदलणं, वकील, पोलीस, कोर्ट यासाठी, आणि हिंसाचार किंवा त्याची धमकी तुमच्या मुलाला असेल तरीही. मालक वाजवी पुरावा मागू शकतो, पण पोलीस रिपोर्टच आण असा हट्ट योग्य नाही, आणि ते कागद गुप्त ठेवायची व्यवस्था त्याने करायचीच आहे.

कामावर जीवाला धोका आहे असं खरंच वाटत असेल तर काम नाकारता येतं. सुपरवायझरला लगेच सांगा की मी वर्कप्लेस व्हायोलन्सच्या कारणाने काम नाकारतेय, सुरक्षित जागी थांबा, मालकाने कामगार प्रतिनिधीसमोर तपास करायचा असतो, समाधान नाही झालं तर मिनिस्ट्रीला बोलवायचं. नर्स, पोलीस यांसारख्या काही कामांत या हक्काला मर्यादा आहेत. मिनिस्ट्रीचा हेल्थ अँड सेफ्टी नंबर १-८७७-२०२-०००८. तक्रार केली म्हणून काढलं, तास कापले, धमकावलं तर ते रिप्रायझल, त्यासाठी ऑन्टारिओ लेबर रिलेशन्स बोर्डाकडे जाता येतं, आणि युनियन नसलेल्यांना ऑफिस ऑफ द वर्कर अ‍ॅडव्हायझर फुकट मदत करतं.

बँक, एअरलाइन, टेलिकॉम, प्रांताबाहेर जाणारं ट्रकिंग यात असाल तर वर सांगितलेला कायदा तुम्हाला नाही, कॅनडा लेबर कोड लागतो. तिथेही १० दिवसांची रजा आहे, तीन महिने नोकरी झाली असेल तर पाच पगारी, आणि जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांत मालकाने धोका तपासताना घरातला हिंसाचारही धरायचा आहे.

स्टेटसची भीती अनेकींना गप्प बसवते, त्यामुळे हेही इथेच लिहितो. पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालेली असेल तर नवऱ्याला सोडलं म्हणून ती जात नाही, दोन वर्षं एकत्र राहायची जी अट पूर्वी होती ती २०१७ मध्ये काढली. पीआर नसेल, त्याच्या व्हिसावर असाल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या बळींसाठी फी न घेता टेंपररी रेसिडेंट परमिटची सोय जुलै २०१९ पासून आहे, त्याबरोबर वर्क परमिटही मागता येतं. टोरंटोत बार्ब्रा श्लिफर क्लिनिक बायकांना कायदेशीर मदत आणि काउन्सेलिंग देतं. असॉल्टेड विमेन्स हेल्पलाइन १-८६६-८६३-०५११, दिवसरात्र.

मालकाने दुर्लक्ष केलं तर

मिनिस्ट्री आधी ऑर्डर काढू शकते, खटला भरू शकते. दोष सिद्ध झाला तर कंपनीला एका गुन्ह्याला २० लाख डॉलरपर्यंत दंड, डायरेक्टरला १५ लाखांपर्यंत, आणि सुपरवायझरसकट इतर व्यक्तींना ५ लाखांपर्यंत, शिवाय १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "मी तर नुसता सुपरवायझर" म्हणणाऱ्यांनी हा आकडा परत वाचा. हिंसाचारात कुणी जखमी होऊन डॉक्टर लागला किंवा काम करता आलं नाही तर कमिटीला चार दिवसांत लेखी कळवायचं, आणि मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर मिनिस्ट्रीला लगेच.

तिकडे भारतात नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी

महाराष्ट्रात किंवा गोव्यात मालकावर असं सरळ कलम नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासून सुरक्षित वातावरण द्यायचं बंधन आहे, पण तो कायदा लैंगिक छळापुरता. म्हणून हत्यार दुसरं आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. त्याच्या कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला तुमच्या नोकरीच्या जागी यायला आणि फोन-मेसेज करायलाही बंदी घालू शकतात, आणि ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज भरताना ऑफिसचा पूर्ण पत्ता, ब्रँच आणि येण्याजाण्याची वेळ त्यात घाला, ऑर्डर मिळाली की एचआर आणि गेटवरच्या सिक्युरिटीला कॉपी द्या, पोच घ्या. त्याच कायद्यात कलम २० खाली, तो खर्चाचे पैसे देत नसेल तर कोर्ट त्याच्या मालकाला सांगू शकतं की पगारातला हिस्सा थेट तिला द्या किंवा कोर्टात भरा. हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि अर्ज भरायला जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडून मदत घेता येते, त्यासाठी फी नाही.